कोपऱ्यातून काढलेलं अंगण

६ ऑक्टोबर, रविवार
निझारने त्याचा कॅमेरा मला दिला. "आत्या, याला झूम नाही. मला कंटाळा आला, तू खेळ." भाच्याची टाकाऊ वस्तू!

साबणाच्या वडीएवढा आहे. झग्याच्या खिशात मावतो. भिंग मात्र रुंद — तेतवानच्या जुन्या शहरातली आमची अख्खी गल्ली एका चौकटीत! चौतीस वर्षं मुलींना भूमिती शिकवली, रेघ वाकडी आली की ओरडले. आणि आज कमरेजवळ धरून, न बघता, अकरा फोटो काढले. चारांत माझाच अंगठा.

७ ऑक्टोबर, सोमवार
बावीस. अंगठा एकातच.

९ ऑक्टोबर, बुधवार
झूम नसलं की आपल्यालाच पुढे सरकावं लागतं. हातभर अंतरावर. भट्टीवाला अल्लाल ओरडला, "बाई, अजून पुढे आलात तर पावाबरोबर भाजून निघाल!" फोटोत तो, भट्टीचं तोंड, पावांची फळी, दारातलं मांजर — सगळं आलं. खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

फळीवर घरून भाजायला आणलेला माझा पाव आणि शेजारच्या बतूलचा. ओळखायला माझ्या पावावर बोटाचे तीन टोचे, तिच्या पावावर दोन. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी विधवा. भट्टीवर पाठवायला एकच फळी पुरते. ती पाव न्यायला आलीच होती, कॅमेरा बघून तोंड फिरवलं. "माझा काढलास तर बघ!" नाही काढणार म्हटलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार
शिंप्यांनी गल्लीभर रेशमाचे धागे ताणले होते. त्यांचे काढले. घरी मोठे करून पाहिले, तर डाव्या कडेला बतूल! मफद्दल दलालाच्या दुकानातून बाहेर पडतेय. मला म्हणाली होती, बहिणीकडे चालले.

मफद्दलकडे बायका एकाच कामासाठी जातात. घर विकायला.

१३ ऑक्टोबर, रविवार
विचारलं नाही. तीही बोलली नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
बतूल आली. "तुझं ते खेळणं घेऊन ये. घराचे फोटो काढ, सगळ्या खोल्यांचे. मुलाला पाठवायचेत."

"खोटं बोलणाऱ्या मुली चौतीस वर्षं बघितल्यात, बतूल." शनिवारचा फोटो तिच्यापुढे धरला.

आधी स्वतःलाच बघत बसली. "एवढी जाड दिसते मी?"

"चौकटीच्या कडेला माणूस ताणलं जातं. भिंगाचा दोष."

मग खाली बसली. स्वयंपाकघर वर, सव्वीस पायऱ्या. रमजानपासून गुडघे उचलत नाहीत. नव्या शहरात मुलाच्या शेजारी तळमजल्यावर जागा आहे. "तुला सांगायला तोंड नव्हतं गं." मफद्दलला गिऱ्हाइकांना दाखवायला फोटो हवेत.

१६ ऑक्टोबर, बुधवार
काढले. या भिंगाने कोपऱ्यात पाठ टेकवून, कॅमेरा छातीशी सरळ धरून काढलं तर एवढंसं अंगणही राजवाड्यासारखं दिसतं. मला ते येतं. तसं केलं नाही. मधोमध उभी राहिले, कॅमेरा तिरका धरला, दिवे लावले नाहीत. भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात.

मुद्दाम केलं. फळ्यावर जाणूनबुजून चुकीची आकृती काढावी तसं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
जेवायला बतूल कुसकुसचं ताट घेऊन आली, दर शुक्रवारसारखी. माझ्या जिन्याच्या तिसऱ्याच पायरीवर गुडघे दुखून टेकली. ताट कललं, रस्सा बाहीवर. उठताना भिंत धरली. मी बघत होते.

"मफद्दल म्हणाला, हे घर आहे का कोनाडा!" हसली. "तू तरी काय करणार, घरच तसलं. जाऊ दे."

इतकी वर्षं मुलींच्या हातावर पट्टी मारली ती कशासाठी?

१९ ऑक्टोबर, शनिवार
नऊ वाजता तिच्या दारात. "पहिले नीट आले नाहीत. परत काढते." तिने दाराची कडी धरूनच विचारलं, "परत?" मग म्हणाली, "ये."

कोपऱ्यातून काढले. दहाच्या सुमाराला ऊन अंगणात उतरतं, भिंतीवरच्या हिरव्या फरश्या चमकतात. एका चौकटीत अंगण, जिना, वरचा कठडा आणि आभाळाचा तुकडा. साठ फोटो! कबूल करते — तासभर बतूल जाणार हे विसरले होते.

संध्याकाळी मफद्दलच्या दुकानात मीच नेऊन दिले; तो नव्हता, पोऱ्याकडे ठेवले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
गिऱ्हाईक फोटो बघून आलं. अंगण फोटोपेक्षा लहान निघालं, तरी आवडलं. ठरलं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
अल्लाल म्हणाला, "बाई, आता यापुढे फळीवर एकच पाव?" त्याला म्हटलं, भट्टीकडे लक्ष दे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
सामान गेलं. निघताना बतूल म्हणाली, "पहिले फोटो तू मुद्दाम बिघडवलेस, ते मला तेव्हाच कळलं होतं. इतका आनंद झाला होता मला! शुक्रवारीच मफद्दलला सांगून टाकलं होतं — विकायचं नाही, गुडघ्यांचं बघू काहीतरी. मग शनिवारी तू परत आलीस. वाटलं, तूच जा म्हणतेयस."

मी म्हटलं, उंबरा उंच आहे, जपून.