भरलेली वाटी

मांडवगण फराटा
११ फेब्रुवारी २०२५

शहाबानो चाचींना अनुपमा बाईचा नमस्कार.

दौंडला अजीमकडे करमतंय ना? गुडघ्यांचं दुखणं कमी झालं का? इकडे थंडी ओसरलीय. उसाच्या ट्रॉल्यांनी शाळेपुढचा रस्ता पार उखडलाय.

शाळेच्या मागच्या भिंतीवर सातवीच्या मुलांनी चित्र काढलंय. विक्रम सरांनी महिनाभर त्यांना जुनी भित्तिचित्रं दाखवली आणि एकच अट घातली: आपल्या शाळेतली माणसं काढा, पण स्वतः पाहिलंय तेवढंच. मधोमध तुम्ही आहात, हातात डाव. शेजारी मी, रजिस्टरवर सही करताना. माझ्यापुढे खिचडीची वाटी, काठोकाठ भरलेली.

मी सुफियाला म्हणाले, "अगं, मी चाखते ना रोज? वाटी थोडी रिकामी दाखव."

ती ब्रश धुता धुता म्हणाली, "बाई, तुम्ही कवा चाखली? आमी तर न्हाई बघितलं."

मागून कुणीतरी हसलं. "बाईंचा रोजच उपास असतोय."

नियमानं मी आधी चाखायचं, सही करायची, मग तुम्ही मुलांना वाढायचं. ऑगस्टमध्ये त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "बाई, जरा चाखून बघा, तेल येगळं लागतंय." मी म्हणाले, उपवास आहे. आणि 'चव योग्य' लिहून सही केली. सही झाली म्हणून तुम्ही वाढलंत. एकोणीस मुलांना उलट्या झाल्या. समितीच्या बैठकीत तुम्ही माझ्याकडे बघत होतात, मी रजिस्टरकडे. तुम्हाला कामावरून काढलं.

त्या दिवशी संकष्टी होती, हे खरं आहे. नंतर माझ्या डायरीत मी तेच लिहीत राहिले. पण सहा वर्षं रोज संकष्टी नव्हती. मला तुमच्या हातचं खायचं नव्हतं, चाची. मी असं कधी बोलले नाही, म्हणून मी तशी नाही असं मला वाटायचं. मुलांना दिसत होतं. तुम्हालाही दिसत असणार.

मुख्याध्यापक म्हणाले, "उद्घाटनाला तालुक्याचे साहेब येणारेत. वाटीवर रंगाचा एक हात मारा, कशाला वाढवताय?" मी मारू दिला नाही. काल समितीला लेखी दिलं: मी चाखलं नव्हतं, आणि चाचींनी आधी सांगितलं होतं. आता माझी चौकशी लागेल.

हे पत्र अजीमला मोठ्यानं वाचायला सांगा, घरातल्या सगळ्यांसमोर. माफी मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल, म्हणून मागत नाही.

तुमच्यावर आलेला दोष जिचा होता, ती
अनुपमा