अंधारात दिसणारी बॉडी

४ मार्च
आत्याने स्थळ आणलंय. मुलगी बँकेत फॉर्म तपासते. काल फोनवर दहा मिनिटं बोललो. काय करता विचारलं, तर सुपरवायझर म्हणून सांगितलं. इथे परदेशात मशरूमच्या शेडमध्ये आठ महिने काढलेला माणूस सुपरवायझरच असतो. बढतीचा कागद काय, येईल कधीतरी. ती म्हणाली, कामावरचा फोटो पाठवा, घरातल्या फोटोत सगळेच साहेब दिसतात. तल्लख आहे. आवडली.

५ मार्च
शेडमध्ये बारा फोटो काढले. मशरूमला उजेड नको, म्हणून आत एकच बारका दिवा. अकरा फोटो काळे. बाराव्यात काहीतरी दिसलं. बादली होती.

६ मार्च
माझ्यासोबत खोलीत राहणारा वेल्डर म्हणतो, तुझा हात हलतो. मी ठिणग्यांत हात धरून ठेवतो आणि तू नुसत्या अंधारात लटपटतोस. त्याला फोटोग्राफीतलं काय कळतंय! दोष कॅमेऱ्याच्या बॉडीत आहे, म्हणजे लेन्स काढल्यावर उरतो त्या डब्यात. जुनी झाली, तिला अंधारात दिसत नाही. तसा व्हिडिओ पण पाहिला. पूर्ण नाही पाहिला, पण बोलणारा खात्रीने बोलत होता.

८ मार्च
कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, बॉडी ठीक आहे, एक स्टँड घ्या, शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवा, स्वस्तात काम होईल. ओळखलं लगेच. स्टँड खपत नसणार. मी बधलो नाही. नवी बॉडी दाखवायला सांगितली. हातात घेतल्यावर मान आपोआप ताठ झाली.

९ मार्च, सकाळी ७
निश्चय. नवी बॉडी घ्यायची नाही. तीन महिने थंड डोक्याने विचार करायचा. उठसूट खर्च करणारे वेगळे.

९ मार्च, संध्याकाळी ६
घेतली.
माझा दोष नाही. दुपारी आत्याचा फोन आला. म्हणाली, अरे मेल्या, फोटो कुठाय? मुलगी विचारते, तिकडे कॅमेरे नसतात का? तिला दुसरं स्थळ सांगून आलंय, चपलांचं दुकान आहे त्याचं, तीन फोटो पाठवलेन् त्याने, एकात तर हसतोयसुद्धा. आता यावर थंड डोकं कुठून आणायचं? जुनी बॉडी बदल्यात दिली. लेन्स तीच बसली. दुकानदार म्हणाला, स्टँड? मी नुसता हसलो.

११ मार्च
जमलं! कॅमेरा खोक्यांच्या थप्पीवर ठेवला, टायमर लावला, पळत जाऊन रांगेसमोर उभा राहिलो. केशरी जाकीट मुद्दाम घातलं. सगळ्या शेडमध्ये केशरी माझं एकट्याचं, बाकी सगळ्यांना निळं. फोरमन बाईंनी पहिल्याच दिवशी स्वतः माझ्या अंगावर चढवलं होतं. छातीवर इंग्रजीत एक शब्द आहे. मला इंग्रजी बोलता येतं, वाचायला वेळ लागतो म्हणून वाचत नाही. पण हलक्या माणसाचं कोणी एवढ्या मोठ्या अक्षरात लिहितं का? शिवाय शेडमध्ये वाफ सोडायच्या बटणाला मला कोणी हात लावू देत नाही. साहेबाने बटणं दाबायची नसतात.
फोटो असा आलाय की मशरूमवरचा थेंब दिसतो. मिशीचा केस न् केस मोजावा. अंधार आहे हे सांगावं लागेल. सगळ्यात मोठ्या साइझमध्ये पाठवला.

१२ मार्च
आत्या म्हणाली, मुलगी फोटो मोठा करकरून बघत होती. चपलावाल्याचं काही खरं नाही आता.
वेल्डरला दाखवला. बराच वेळ बघत बसला. म्हणाला, हाच पाठवलास? असाच्या असा? म्हटलं, आपण एडिट वगैरे करत नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा करून दिला. जळतो, पण मनाने चांगला आहे.

१३ मार्च
तिचा फोन आला. म्हणाली, फोटो खूप स्पष्ट आलाय. म्हटलं, नवी बॉडी आहे. ती म्हणाली, छातीवर शिकाऊ लिहिलंय.
मी म्हटलं, ते जाकिटाच्या कंपनीचं नाव असेल. ती म्हणाली, कंपनीचं नाव खाली बारीक अक्षरात आहे, तेही वाचलं.
आवाज नीट येत नाही म्हणून मी दोनदा हॅलो हॅलो केलं. फोनचं बिल तेवढं चालू.
शेवटी तिनेच विचारलं, आठ महिन्यांत काय काय शिकलात? तोंडात आलं ते बोललो, फोटो काढायला. ती जी हसायला लागली ती थांबेना. मग म्हणाली, चपलावाल्याने हप्त्यावरची गाडी स्वतःची म्हणून सांगितली, तुम्ही निदान पुरावा स्वतःहून पाठवलात. फोटोत मागचे सगळे निळ्यात दिसतात; तुम्हाला निळं जाकीट मिळालं की त्यातला फोटो पाठवा, मग मी घरी बोलते.
म्हणजे होकारच धरायचा. नव्या बॉडीचीच कमाल.
वेल्डरला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, पहिल्या दिवसापासून, पण तू त्या जाकिटाला इस्त्री करायचास रे.

१४ मार्च
सकाळी सगळ्यांच्या आधी शेडवर. फोरमन बाईंना विचारलं, निळं जाकीट साधारण कधी मिळतं? म्हणाल्या, तीन महिन्यांत. अगदीच ढ असला तर सहा.
मला नववा चालू आहे.