रिफ्कीची तसबीर आणि माझी

मी मुहसिन इल्तेर, वय एक्क्याऐंशी, धंदा सुलेखन, राहणार उस्कुदार, इस्तंबूल. माझा हात थरथरतो, डोकं थरथरत नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणीही भरीस घातलेलं नसताना, अल्लाहला स्मरून, माझ्यामागे काय कुणाचं ते खाली लिहून ठेवतो.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी बेलकिस हिची. जावयाने वरच्या खोलीत भाडेकरू ठेवायला हरकत नाही, पण बासरी वाजवणारा नको.

२. बोरू, दौती आणि बोरू तासायची हस्तिदंती पट्टी मशिदीच्या शाळेला द्यावी. रिफ्की उनवेरच्या शिष्यांना यातलं काहीही मिळू नये. त्यांच्या गुरूला आयुष्यात पुष्कळ मिळालं आहे.

३. फडताळात पत्र्याचा डबा आहे. साठ वर्षं बोरू तासताना पडलेल्या ढलप्या त्यात जपल्या आहेत. आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे माझ्या शेवटच्या आंघोळीचं पाणी त्यांच्यावर तापवावं. रिफ्कीचा डबा माझ्यापेक्षा मोठा आहे. तो चहा करायला आत गेला तेव्हा मी वितीने मोजून पाहिला.

४. आता या रिफ्कीबद्दल. आम्ही दोघं इद्रिस होजांचे शिष्य, एकाच चटईवर बसून शिकलो. १९६७ साली मोहल्ल्याच्या मशिदीला अल्लाहच्या नव्याण्णव नावांची तसबीर हवी होती. दोघांनीही एकेक लिहिली. होजांनी दोन्हींसमोर बसून चहा संपवला आणि रिफ्कीच्या तसबिरीकडे बोट केलं. मला म्हणाले, "तुझा हात चांगला आहे रे मुहसिन, पण लक्ष सगळं शेजारच्याच्या कागदावर." त्या दिवसापासून मी जळतो आहे. माझी बायको नेझिहे, अल्लाह तिला शांती देवो, तीसुद्धा एकदा मशिदीतून येऊन म्हणाली, "अहो, रिफ्कीभाऊजींनी लिहिलेलं रहमान बघितलं की पोट भरतं बाई." मी त्या रात्री जेवलो नाही.

पुढच्या रमजानात मी रोज त्या तसबिरीखाली बसून ती वाचली, केवळ चूक काढायला. आणि सापडली. खबीर, म्हणजे सगळं जाणणारा. त्याच्यानंतर हलीम यायला हवं, म्हणजे सोसून घेणारा, शिक्षेची घाई न करणारा. ते नाहीच. थेट अझीम. इतक्या उंचावरचं कोण मोजतं? मीही कुणाला सांगितलं नाही. तीस वर्षं लोक त्या अपुऱ्या नावांखाली हात पसरून दुआ मागत राहिले आणि मागच्या रांगेत मला आनंदाच्या उकळ्या फुटत राहिल्या. हा गुन्हा मी कबूल करतो.

५. गेल्या महिन्यात या कागदासाठी माझी नाकारलेली तसबीर कपाटामागून काढली, पुसली, वाचली. खबीर, मग अझीम. माझ्यातही हलीम नाही. दोघांनी होजांच्या नमुन्यावरून उतरवलं होतं, आणि गुरूच्या नमुन्यात केसाइतका फरक करायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं.

६. जनाज्यापाशी इमाम विचारतील, "याच्याकडे तुमचा काही हक्क राहिला असेल तर माफ करता का?" तेव्हा रिफ्कीने "माफ केला" म्हणावं, एवढंच मला हवं आहे. पण काही माहीत नसताना म्हणाला तर ते फुकट. म्हणून हा कागद त्यालाच वाचायला देऊन साक्षीदार करतो. माझी तसबीर त्याला द्यावी. दोन्हींत हलीम त्यानेच लिहावं. माझ्या हाताला आता ते जमणार नाही.

साक्षीदार पहिला: झिहनी, पाववाला. सही.

साक्षीदार दुसरा: रिफ्की उनवेर. सही. शेरा: "वाचलं. अरे गाढवा, तसबीर भिंतीवर चढली त्याच आठवड्यात मला कळलं होतं. खाली उतरवली असती तर होजांची अब्रू गेली असती, आणि तूही तुझी काढून बघितली असतीस. म्हणून गप्प बसलो. रोज नमाजानंतर तिच्याखाली उभा राहून हलीम तोंडाने म्हणतो, म्हणजे नावं पुरी होतात. माफीचं काय घेऊन बसलास, ती केव्हाच केली."

पुरवणी, त्याच दिवशी, साक्षीदारांसमक्ष: वरचा शेरा मी दोनदा वाचला. इतकी वर्षं पोटात ठेवून गप्प बसण्यातही हा माणूस माझ्यापेक्षा सरस निघाला. मी अजून जळतो आहे.

मुहसिन इल्तेर
उस्कुदार, १४ मार्च १९९८