हजाराच्या म्होरं

आई, तो आकडा फुटतो. दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. मूळ संख्या नाही ती. गेल्या मंगळवारी राजारामपुरीतल्या क्लासमध्ये शिकवताना सहज तोच आकडा फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, ही मूळ आहे. एका मुलीनं मोबाइलवर बघून हात वर केला. "मॅडम, एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा." मी फळा पुसला आणि पुढचं गणित घेतलं. तुला जाऊन अकरा वर्षं झाली.

मांडीचं हाड मोडून तू कागलला दादाकडे पडून होतीस. शाळा सातवीतच सुटलेली, पण गणिताचं वेड सुटलं नव्हतं. "पडून पडून जीव इटलाय. एखादा मोठा आकडा दे की, भागत बसतो," तू फोनवर म्हणालीस. मी एम.एस्सी.च्या पुस्तकातलं एक उदाहरण दिलं. ते मी स्वतः कधी सोडवलं नव्हतं. तुझे फोन थांबावेत, एवढाच हेतू. "कुठवर भागायचं?" "हजारापर्यंत बघ. बास."

तू एक ते हजार आकडे लिहून काढलेस. दोनाचे, तिनाचे, पाचाचे खोडत गेलीस आणि एकशे अडुसष्ट मूळ संख्या उरल्या. मग एकेकीनं भागाकार. दोन बॅचच्या मध्ये मी डबा उघडते आणि तुझा फोन येतो. "सातानं पाच उरलं, तेरानंबी पाचच. गंमत न्हवं?" मी नुसतं हूं म्हणते. पाय ठणकायला लागला की तू वही मागायचीस, असं वहिनी सांगायची. दोन महिन्यांनी तू नऊशे सत्त्याण्णवपाशी पोचलीस. बाकी एकशे ब्याण्णव. "मग मूळ म्हणायची?" "हो." "पर हजार हजारे धा लाख. आकडा त्येच्या वर हाय की ग. हजाराच्या म्होरचं एकांदं बघू काय?" "आई, मी हेच शिकवून पोट भरते. मला शिकवू नकोस." "बरं बरं. तुला म्हाईत असणार," म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यानंतर तू आकडा मागितला नाहीस. पुढच्याच महिन्यात छातीत कफ भरला आणि तू गेलीस.

हजाराच्या पुढची पहिलीच मूळ संख्या एक हजार नऊ. एक भागाकार राहिला होता.

रविवारी कागलला गेले होते. दादा पाहुण्यांना सांगत होता, आमच्या आईनं अंथरुणावर पडून दहा लाखावरची मूळ संख्या शोधली. माझ्याकडे वळून म्हणाला, "व्हय की न्हाय ग?" "व्हय," मी म्हणाले. तुला लिहिलेला हा कागद त्यालाही दाखवणार नाही. खरं सांगायचं तर तुझं बरोबर आहे, अजून पुढं बघायला हवं, हे मला त्या दिवशी फोनवरच कळलं होतं. बॅच सुरू व्हायला पाच मिनिटं होती, आणि तू बरोबर असणं मला नको होतं.