पुलावरचा तेविसावा दिवा

२ जानेवारी, सकाळी ६.१०
निवृत्तीचा दुसरा दिवस. संकल्प: शहराचा अधिकृत गाइड व्हायचं. पर्यटन कार्यालयाची परीक्षा ५ एप्रिलला. पास झालो की गळ्यात निळा बिल्ला. पस्तीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीत काढली. माझ्या सहीशिवाय या शहरात कोणी जन्मलं नाही की मेलं नाही. वेगळा अभ्यास करण्याची गरज दिसत नाही.

हिची अट: नापास झालात तर माझ्या भावाच्या फरशीच्या दुकानात बसायचं, दिवसभर घरातले डबे पुन्हा पुन्हा लावलेले मला चालणार नाहीत. हसत मान्य केली. मेहुण्याच्या दुकानात फरश्या आणि नळ. तिथे माझं काय काम?

५ जानेवारी
पहाटे पाचला उठून वाचन. उद्यापासून.

११ जानेवारी, रविवार
पहिली 'अज्ञात शहर' पदयात्रा. उपस्थिती चार: ही, मेहुणा आणि बसस्टॉप कुठे आहे विचारायला थांबलेलं एक जोडपं.

जुन्या पुलावर मेहुण्यानं दिवे मोजले. डावीकडे तेवीस, उजवीकडे बावीस. का, म्हणाला. मला माहीत नव्हतं. पण गाइडनं 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे डॉक्टरनं तपासताना 'अरे बापरे' म्हणणं. सांगून टाकलं की पूल बांधणाऱ्या इंजिनियरची सासू समोरच राहायची, दिव्याचा उजेड थेट तिच्या अंथरुणावर यायचा, झोप लागेना, तेव्हा जावयानं नकाशातला तेविसावा दिवाच खोडला. जोडपं खूश झालं. बस चुकली तरी खूश होतं. हीच तेवढी माझ्याकडे बघत होती. 'गॅस बंद केलाय' म्हटल्यावर बघते तशी.

१२ जानेवारी
मनाला थोडी टोचणी. चहानंतर गेली.

१८ जानेवारी
पुलावर नगरपालिकेचा वायरमन शिडीवर होता. मी पदयात्रेला सासूबाईंची गोष्ट सांगत होतो, तर मध्येच तोंड घालून म्हणाला, साहेब, तेविसावा दिवा सहा वर्षांपूर्वी पाण्याच्या टँकरनं रिव्हर्स घेताना पाडला, वाकलेला खांब मी स्वतः गोदामात टाकलाय.
शिडीवर चढून खांब दिसतो, इतिहास दिसत नाही. त्याला क्षमा केली.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.४०
पुरावा मिळाला! रविवारच्या पुरवणीत 'सनावळी' सरांचा लेख. (निवृत्त इतिहास शिक्षक. बायकोचा वाढदिवस सोडून सगळ्या तारखा पाठ.) 'खात्रीलायक सूत्रांनुसार' इंजिनियर, सासूबाई, दिवा, सगळं जसंच्या तसं. मला उगाच वाटत होतं की मी थाप मारली. थाप नव्हती, अंतःप्रेरणा होती.
एकच खटकलं. सर लिहितात, झोपमोड सासूबाईंची नाही, त्यांच्या पोपटाची होत असे. हा पोपट कुठून उडत आला? मेहुणा म्हणाला, भावोजी, गिऱ्हाईक फरशी निवडेपर्यंत मी तुमची गोष्ट सांगतो, पोपट घातला की जरा रंगते. सनावळी सर मागच्याच आठवड्यात त्याच्याकडे न्हाणीघराच्या फरश्या घ्यायला आले होते म्हणे. हे तो मला का सांगत होता, कळलं नाही.

२२ फेब्रुवारी
पुलावर तोबा गर्दी. नसलेला दिवा बघायला लोक लांबून येतात, रिकाम्या जागेशेजारी फोटो काढतात. वायरमन सहा वर्षांनी मंजूर झालेला नवा खांब घेऊन आला, तर लोकांनी त्याला हुसकावून लावलं. पर्यटन कार्यालयानं तिथे पाटी लावली आहे: 'येथे दिवा नाही.' अंधार पडल्यावर पाटी वाचता येत नाही, कारण तिथे दिवा नाही.

८ मार्च
परीक्षेच्या पुस्तकाची नवी आवृत्ती. हिनं जाऊन आणली. पाने २१२. उघडलं नाही. ज्याच्या परसात विहीर, त्यानं नळावर रांग कशाला लावायची? पुस्तक टेबलाच्या आखूड पायाखाली चपखल बसलं.

१५ मार्च
टेबल पुन्हा डुगडुगतंय. हीच वाचत बसली आहे. मधेच एकटी हसली. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, वाचा म्हणजे कळेल. वाचणार नाही. स्वाभिमान आहे.

२९ मार्च
उद्या निदान चाळतो.

३० मार्च
डोकं दुखतंय.

५ एप्रिल, दुपारी २
पेपर हातचा मळ! शंभर प्रश्न, पास व्हायला साठ. प्रश्न ४७: जुन्या पुलावर तेविसावा दिवा का नाही? (अ) सासूबाईंची झोप (ब) पोपटाची झोप (क) टँकरची धडक (ड) माहीत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये मोठ्यानं हसलो. पर्यवेक्षक बाई ओरडल्या. 'अ'वर दोनदा गडद खूण केली. बिल्ल्यासाठी शर्ट इस्त्रीला टाकला.

२० एप्रिल
एकोणसाठ.

कार्यालयात गेलो. परीक्षक खुद्द सनावळी सर. म्हणाले, उत्तर 'ब', पान ११४, सासूबाईंच्या झोपेला कसलाही आधार नाही. शेवटी खरं सांगून टाकलं: सर, सासूबाई मीच रचल्या, त्यांना झोप लागत होती की नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. घरी कोणी आहे का, असं विचारलं.

बाहेर वायरमन भेटला. गळ्यात निळा बिल्ला. त्याला विचारलं, खांब स्वतः उचललास, मग 'क' केलंस ना? तर म्हणाला, छे हो साहेब, परीक्षेत पुस्तकात असतं तेच लिहायचं असतं.
रडू आलं. शिंक म्हणून निभावलं.

२१ एप्रिल
हिनं डबा भरून दिला. निघताना एवढंच म्हणाली, दिव्यात झोप न येणारी सासू तुम्हाला कुठून सुचली ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिची आई आमच्याकडे राहायची तेव्हा मी दोन वर्षं संडासात पेपर वाचला आहे. म्हणजे आधार होता! पण पान ११४ वर हे नाही.

दुकान. पहिला दिवस. दुपारी वायरमन अकरा पर्यटक घेऊन दारात सावलीला उभा. गोष्ट सांगून झाल्यावर एका बाईंनी विचारलं, पोपट बोलायचा का? वायरमन गडबडला. सगळे माझ्याकडे बघू लागले, मी म्हातारा दिसतो म्हणून असेल.
न बोलण्याचा संकल्प केला होता. म्हणालो, बोलायचा ना. 'दिवा विझवा' म्हणायचा.
वायरमननं खिशातून वही काढून लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी 'ब'.