चारच झाले होते

खालापूर, शनिवार, १६ मे १९८७

प्रिय सुगत,

हे पत्र तुला बाबांच्या हातून मिळेल. चढण चढून ते धापा टाकत असतील, म्हणून आधी त्यांना पाणी दे आणि मग वाचायला बस. पण एक गोष्ट आत्ताच लिहून टाकते, नाहीतर पेन पुढे सरकायचं नाही. सोमवारी त्या विहिरीत उतरायचं नाही. तूही नाही आणि तुझ्या शिबिरातलं दुसरं कुणीही नाही. का ते पुढे सांगते. मधली पानं सोडून शेवटाकडे पळू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

तुझं पत्र आज दुपारी आलं. मी चिंच फोडत बसले होते, हात चिकट होते, म्हणून बाबांनीच मोठ्याने वाचलं. घरी स्वतःचं ताट न उचलणारा आमचा मुलगा डोक्यावरून दगड वाहतो म्हणे! बाबा तर म्हणाले, हे अक्षर त्याचंच आहे ना, बघ जरा. दोनच आठवड्यांत जग कळायला लागलं असं तू लिहिलंस, तेव्हा आम्ही दोघं हसलो, पण मला मनातून बरंही वाटलं. मग बाबांनी पान उलटलं. विहिरीचं पाणी तळाला गेलंय, सोमवारपासून तुम्ही ती खोल करणार, आणि उत्तरेच्या कोपऱ्यातला उंचवटा फोडायला पहिली पहार तुझी. माझ्या हातातला बत्ता खाली पडला. बाबांना वाटलं, बोटावरच मारून घेतला. काय झालं ते त्यांना सांगायला मला तासभर लागला. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण हे त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं.

सुगत, ती विहीर आम्ही खणलेली आहे.

मी शिबिराला गेले होते हे तुला माहीत आहे. तो फोटोही तू पाहिला आहेस, ज्यात मी केसांत माती घेऊन हसते आहे आणि शेजारचा जर्मन मुलगा माझ्याहून जास्त मळलेला आहे. ते हेच शिबिर, हीच ठाकरवाडी, १९६८ चा मे महिना. कॉलेजातल्या मुली सुट्टीत माथेरानला घोड्यावर बसायला चालल्या होत्या. मला भिसेगावच्या बाहेरचं काही बघायचं होतं, आणि कुणाच्या तरी उपयोगी पडायचं होतं. आमच्या वस्तीतली कॉलेजला गेलेली मी पहिली मुलगी. तुझे आजोबा मला कडावपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "चंद्रा, तिथं नीट रहा गं. तुला बघून लोक आपल्या सगळ्यांना बघतील." हे वाक्य मी महिनाभर डोक्यावर घेऊन फिरले.

पहिले चार दिवस मी आयुष्यात भोगले नव्हते इतके सुखाचे होते. झऱ्यावरून पाणी आणायला वाडीतल्या बायकांना दोन डोंगर उतरून जावं लागायचं. वाडीतली मंगळी, तिने मला डोक्यावर दोन हंडे घेऊन चालायला शिकवलं. मी पडायची आणि ती पोट धरून हसायची. शिबिरात मुंबईच्या दोन मुली होत्या. मी भरलेल्या माठातलं पाणी त्या घेत नसत, तहान नाही म्हणत. मंगळी मात्र माझ्या हातचं पाणी घटाघटा प्यायची. हे मी त्यावेळी बघितलं होतं आणि तरी पुढे जे केलं ते केलं.

विहिरीला पंधरा फुटांवर काळा कातळ लागला. मग सुरुंग लावायचं ठरलं. खालापूरकडून कोंडीराम नावाचा सुरुंगवाला आला आणि त्याच्या हाताखाली वाडीतला जैतू, मंगळीचा नवरा. कातळाला भोकं पाडायची, दारू भरायची, माती ठासायची आणि वात पेटवून वर पळायचं. कोंडीरामचा एक नियम होता. खाली किती वाती पेटवल्या ते तो सांगणार आणि वर कुणीतरी किती आवाज झाले ते मोजणार. दोन्ही आकडे जुळले तरच माणसं खाली उतरणार. एक जरी कमी पडला तर एक सुरुंग जिवंत राहिला असं समजायचं. मोजायचं काम शिबिरप्रमुखांनी मला दिलं. "चंद्रभागेचं गणित पक्कं आहे," असं सगळ्यांसमोर म्हणाले. त्या मुंबईच्या मुलीही तिथेच होत्या. मला काय वाटलं असेल ते तुला सांगायला नको.

पाच वाती होत्या. आम्ही करवंदीच्या जाळीमागे दगडाआड बसलो. माझ्या मांडीवर वही, हातात पेन्सिल. आणि पहिला बार झाला, सुगत, पायाखालची जमीन हलली, आणि मी पेन्सिल टाकून दोन्ही कानांत बोटं घातली. इतकी भ्याले होते मी. डोळेसुद्धा मिटले होते. पुढचे आवाज मी बोटांमधून ऐकले. दोन, तीन, चार, आणि मग थोडा थांबून एक बारीकसा, लांबचा. मी पाच म्हटलं. कोंडीराम म्हणाला पाच, मी म्हटलं पाच, आकडे जुळले.

जैतू माझ्या मागेच बसला होता. तो उठून पुढे आला. "बाय, चारच झाले. पाचवा डोंगराकडनं आला, आवाज फिरून आला. एक आत हाय अजून, उत्तरेच्या कोपऱ्यात. खाली नका जाऊ." अगदी सरळ सांगितलं त्याने. तो त्याच डोंगराखाली जन्मला होता, आवाज कुठून येतो हे त्याला कळणार नाही तर कुणाला? पण कोंडीराम हसला. म्हणाला, "याला बोटं मोजता येत नाय अन् बार मोजतोय." सगळे हसले. शिबिरप्रमुखांनी मला विचारलं, नक्की पाच ना? तेव्हा एकच वाक्य पुरे होतं. माझ्या कानांत बोटं होती, एवढंच. त्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मला आजोबांचं वाक्य आठवलं. मी म्हटलं, हो, पाच.

जैतू खाली उतरायला तयार झाला नाही. तो घाबरट आणि कामचुकार आहे असं ठरलं आणि त्याला कामावरून काढलं. बाकीची मुलं उतरली. मी काठावर उभी राहून बघत होते. प्रत्येक घावाला मी स्वतःला सांगत होते की पाचच झाले, पाचच झाले.

दुसऱ्या दिवशी तीन सुरुंग होते. या वेळी मी कान उघडे ठेवले. तीन झाले, आणि मग चौथा आला. डोंगराकडून.

तेव्हा मला कळलं. आणि तरीही मी बोलले नाही. वहीत तीन लिहिले आणि वही मिटली. आता वाचताना तुला माझा राग येईल, येऊ दे. नशिबाने त्याच संध्याकाळी दक्षिणेच्या बाजूला झरा फुटला, पाणी भराभर चढलं, काम थांबलं, आणि उत्तरेचा कोपरा तसाच पाण्याखाली गेला. लोकांनी गुलाल उधळला. तो फोटो त्या दिवशीचा. मला वाटलं, पाण्याने माझं पाप झाकलं. निघताना मंगळीने मला पानाच्या द्रोणात करवंदं दिली. नवऱ्याचं काम माझ्यामुळे गेलं हे तिला माहीत होतं. मी ती वाटेत टाकून दिली.

आणि आज तू लिहितोस की एक म्हातारा विहिरीच्या काठावर पाय सोडून बसून राहतो. तुम्हाला पहार लावू देत नाही, आत एक आहे म्हणतो. सर म्हणतात ही भुताखेतांची अंधश्रद्धा आहे, आणि सोमवारी चौघांनी उचलून त्याला बाजूला ठेवायचं. तू हे गंमत म्हणून लिहिलंस. त्याचं नाव जैतू, हेही लिहिलंस. वाडीतले लोक सांगतात की तो दर उन्हाळ्याला, पाणी खाली गेलं की, असाच येऊन बसतो आणि पोरांना त्या कोपऱ्यात उड्या मारू देत नाही. एकोणीस उन्हाळे, सुगत. मी तुला वाढवलं, शाळेत शेकडो मुलांना पाढे शिकवले, आणि तो माणूस माझ्या एका खोट्या आकड्यावर राखण करत बसला. त्याला भूत दिसत नाही रे. त्याला बरोबर माहीत आहे काय आहे ते.

आज बाबा खाणीत काम केलेल्या एका माणसाला विचारून आले. तो म्हणाला, इतक्या वर्षांत दारू मेलीही असेल, पण मी तरी तिथं पहार मारणार नाही. मी आधी तार लिहिली होती, आजी अत्यवस्थ, ताबडतोब ये. तू धावत आला असतास. मग माझ्या ध्यानात आलं की तुझी पहार दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या हातात गेली असती. म्हणजे मी पुन्हा तेच करत होते. तार फाडली. पण आधी लिहिली होती, हे तुला कळलेलं बरं.

कडाव, रविवार

इथपर्यंत मी बाबांबरोबर आले आहे. इथून वाडीची वाट दिसते. पुढे यायचा धीर मला होत नाही. उतरू नका, एवढं सांगायला पत्राची गरज नव्हती, बाबा ते तोंडीच तुमच्या सरांना सांगतील आणि काम थांबेल. हे पत्र तुझ्यासाठी नाहीच, सुगत. जैतूबाबांना वाचता येत नाही, आणि हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून तुझ्या तोंडून हवं आहे. शिबिरातल्या सगळ्यांना, वाडीतल्या सगळ्यांना बोलाव, सरांनाही. विहिरीवर, त्यांच्या शेजारी बसून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. माझं नाव गाळू नकोस. कानांत बोटं होती, तेही गाळू नकोस. वाचून झालं की त्यांना विचार, ती मोजणारी मुलगी खाली कडावला एसटीच्या थांब्यावर बसली आहे, तिने वर यावं का? ते हो म्हणाले तर मला न्यायला ये. नाही म्हणाले तर त्यांच्याशी एक शब्दानेही वाद घालू नकोस, बाबांना तेवढं खाली पाठव.

तुझीच,
आई