पाचवीला मी थांबणार

जालना, माघ शुद्ध पंचमी, शके १८६२

तीर्थरूप मायला अनुसयेचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. दवाखान्यातली बाळंतपणं आता एकटीनं करते. तुझा गुडघा कसा आहे?

रखमाजीदादाचा निरोप मिळाला: "वहिनीचं बाळंतपण तूच कर, पण पाचवीच्या पूजेआधी निघून जा. माय म्हणती, विधवेची सावली न्हाई पाहिजे."

वहिनीच्या मागच्या लेकराच्या पाचवीला मी उंबऱ्याशी उभी होते. पुढं लेकरू दगावलं, तेव्हा "हिनंच खाल्लं" असं तू सगळ्यांदेखत म्हणालीस. ते ओझं मी मुकाट्यानं वाहिलं. इथं मी तशीच जबडा आवळलेली लेकरं पाहिली. मळक्या विळ्यानं नाळ कापली की धनुर्वात होतो. आपल्याकडं विळ्यानंच कापली होती, माय. सावलीला धार नसते.

ते ओझं मी खाली ठेवलं आहे. आता तू ते उचलू नकोस. विळ्याचं तुला तरी कुणी सांगितलं होतं?

मी येते. कात्री उकळून मीच नाळ कापीन आणि पाचवीला लेकरू माझ्या मांडीवर असेल. मंजूर नसेल तर वहिनीला इकडं पाठव, पाचवी इथं करू. गाडीत गोधडी जाड अंथरा.

तुझी लेक आणि वहिनीची सुईण,
अनुसया